मदत हवी आहे: संमतिपत्रातली 'गरज पडल्यास अन्य शस्त्रक्रिया' ही छापील ओळ कितपत टिकते?

नमस्कार मंडळी. टॉर्टची (म्हणजे नुकसानभरपाईच्या दिवाणी दाव्यांची) कामं करणाऱ्यांना विचारतोय. विषय बॅटरी, म्हणजे परवानगीवाचून अंगाला हात लावणं (सेलची नव्हे!).

समीरा कोहली निकाल (सर्वोच्च न्यायालय, 2008) सगळ्यांना ठाऊक आहेच. संमती दुर्बिणीतून तपासणीची होती आणि रुग्ण भुलीखाली असताना आईला विचारून गर्भाशय व बीजांडकोश काढले. जिवाला तातडीचा धोका नसताना सज्ञान रुग्णाऐवजी आईचा होकार चालत नाही, असं कोर्टाने म्हटलं. डॉक्टरांची फी बुडाली, वर रुग्णाला 25,000 रुपये भरपाई. मात्र त्याच निकालात हेही आहे की पुढे लागू शकणाऱ्या जादा शस्त्रक्रियेची संमती आधीच घेता येते.

अडचण इथेच आहे. माझ्या हातातल्या प्रकरणात फॉर्मवर हाताने 'उजवा हर्निया' लिहिलंय, खाली बारीक टायपात 'डॉक्टरांना आवश्यक वाटेल ती अन्य शस्त्रक्रिया'. ऑपरेशनमध्ये अपेंडिक्सही काढलं. नोट्समध्ये सूज वा पू यांची नोंद नाही. माझ्या मते नाव न घेतलेल्या शस्त्रक्रियेला ही ओळ पुरत नाही.

2008 नंतर अशाच ओळीचा अर्थ लावणारा हायकोर्टाचा किंवा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा निकाल कुणाकडे आहे का? शिवाय, तक्रारीत बॅटरी आणि निष्काळजीपणा वेगवेगळ्या परिच्छेदांत मांडता का? एकत्र केलं की समोरचा लगेच 'कुठल्याही डॉक्टरने हेच केलं असतं' यावर तज्ज्ञ उभा करतो आणि परवानगीचा मुद्दा बाजूला पडतो. ग्राहक आयोगाची दोन वर्षांची मुदत जवळ आली आहे.