'द्रावक' विरघळवत नसेल तर? आणि स्फटिकीकरण की स्फटिकीभवन?

सातपूर : मंडळी, कंपनीतल्या एका मराठी टिपणात अडकलोय. पॉलिएस्टरची, म्हणजे पीईटीची, न ताणलेली साधी फिल्म. ॲसिटोन सांडला आणि स्वच्छ फिल्म पांढरी पडली, वाकवली तर तुटायला लागली. मी लिहिलं, 'द्रावकामुळे फिल्मचे स्फटिकीकरण झाले.' साहेबांचा शेरा : 'विरघळली की गोठली, एक काय ते लिहा.'

गंगापूर रोड : साहेबांचं अगदीच चुकलं नाही हो. 'द्रावक' म्हटलं की डोळ्यांपुढे साखर आणि पाणी येतं. ॲसिटोन पीईटीला विरघळवत नाही, नुसता आत मुरतो. या प्लॅस्टिकच्या लांब साखळ्या ७०-८० अंश सेल्सिअसपर्यंत जखडलेल्या असतात. ॲसिटोन मुरला की हीच पायरी खोलीच्या तापमानाच्याही खाली उतरते. मग मोकळ्या झालेल्या साखळ्या घड्या घालून शेजारी शेजारी रचून बसतात. एरवी जे आच देऊन करावं लागतं ते इथे थंडपणे होतं. कोणी मुद्दाम केलेलं नाही, आपसूक झालं, म्हणून '-करण' नको, स्फटिकीभवन. शुद्धीकरण आपण करतो, बाष्पीभवन आपलं आपण होतं, तसंच.

पंचवटी : काका, व्याकरण पटलं. पण आपण 'स्फटिकासारखं स्वच्छ पाणी' म्हणतो ना? मग स्फटिक झाल्यावर पांढरी कशी पडेल? उलट वाटतं.

सातपूर : ताई, खरी गोम तिथेच आहे. आधीची पारदर्शक फिल्म स्फटिक नव्हतीच, शास्त्राच्या भाषेत ती काच : साखळ्या कशाही गुंतलेल्या. घरी करून बघा. विकतच्या पाण्याची रिकामी बाटली घ्या (तीही पीईटीचीच), झाकण फिरतं ते आटे ॲसिटोनवाल्या नेलपॉलिश रिमूव्हरच्या कापसाने भिजवून ठेवा (खिडकी उघडी, गॅस बंद). आटे दुधी होतील. तोच कापूस बाटलीच्या पोटावर ठेवा, तिथे काही दिसायचं नाही. कारखान्यात बाटली फुगवून घडवताना पोट ताणलं जातं, आटे नाही. ताणामुळे पोटात स्फटिक आधीच झालेले असतात, पण इतके बारीक की उजेड अडत नाही. आट्यांत ते मोठाल्या गोळ्यांनी वाढतात, आत सूक्ष्म पोकळ्याही पडतात आणि उजेड विखुरतो. म्हणजे स्फटिक झाले की पांढरं, असंही सरसकट नाही.

अंबड : एवढं संस्कृत कशाला? तुपाला रवा येतो तसा फिल्मला रवा आला, लिहा की.

गंगापूर रोड : शब्द झकास आहे. फक्त रवा जिभेला लागतो, हा बोटालाही लागायचा नाही. आणि तूप निवताना रवा धरतं. इथे थंड, घट्ट वस्तूत बाहेरचं काही मुरून रवा धरतोय. तोंडी समजावताना जरूर वापरा, टिपणात नको.

पंचवटी : मग 'द्रावक' तेवढा राहू द्यावा का?

गंगापूर रोड : राहू द्या, रूढ आहे. पण क्रियापद बदला : 'द्रावक मुरल्याने फिल्मचे स्फटिकीभवन झाले.' 'मुरणे' आलं की विरघळण्याचा संशय जातो. लोणच्याची फोड मुरते, विरघळत नाही.

सातपूर : हेच टाकतो. आणि फिल्मला 'पटल' लिहू का?

पंचवटी : नको! आमच्याकडे पटल डोळ्यावर येतं. पांढरी पडल्यावर मात्र शोभेल.