देव खाणीत नव्हे, कालव्यावर राबत होते
(सोसायटीचा ग्रुप, रविवार सकाळ)

बर्वेकाका, बी-२०३: *फॉरवर्डेड* नासा लपवतंय ते प्राचीन इराकच्या सुमेरियन लोकांना माहीत होतं!! निबिरू ग्रहावरून अनुनाकी नावाचे देव पृथ्वीवर सोनं काढायला आले. खाणीत मजूर हवे म्हणून आदिमानवाच्या जनुकांत स्वतःची जनुकं मिसळून त्यांनी माणूस बनवला. निबिरू दर ३६०० वर्षांनी परत येतो. दहा जणांना पाठवा.

बर्वेकाका: व्हिडिओ शेवटपर्यंत बघा. डोळे उघडतात.

नाईकमावशी, ए-३०२: टँकर आला का?

सेक्रेटरी: आला मावशी. बर्वेकाका, हा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. कृपया.

प्रणव, सी-६०२: असू दे ना, रविवार आहे. काका, हा सगळा झेकारिया सिचिनचा माल आहे. १९७६ साली त्याचं पुस्तक आलं, तेव्हापासून फिरतोय. मातीच्या पाट्यांवरच्या त्या जुन्या कीलाकार लिपीचा एकही अभ्यासक त्याची भाषांतरं मानत नाही.

बर्वेकाका: मानणार कसे? पोटावर पाय येतो ना!

शिंदेसाहेब, ए-१०२: बर्वे, अभ्यासकांचं राहू द्या. मूळ कथेत सोन्याची खाण दाखवा, मी तुमचा व्हिडिओ स्वतः दहा जणांना पाठवतो.

बर्वेकाका: तुम्ही वाचलीय?

शिंदेसाहेब: भाषांतर वाचलंय. पाटबंधारे खात्यात जन्म गेला, त्यामुळे ती कथा मला जवळची वाटते. अत्राहासिस म्हणतात तिला. अक्कडी या तिथल्याच जुन्या भाषेत आहे, जुन्या पाट्या इ.स.पू. १७व्या शतकातल्या. सुरुवातच अशी की माणूस नव्हता तेव्हा देवांनाच राबावं लागे. थोरल्या देवांनी धाकट्या देवांना, म्हणजे इगिगींना, कामाला जुंपलं. काम कसलं? कालवे खणायचं! तैग्रिस आणि युफ्रेटिससुद्धा त्यांनीच खणल्या म्हणे.

शिंदेसाहेब: ‘एन्की आणि निन्माह’ ही सुमेरियन कथा, तिथेही तेच. धाकटे देव कालवे खणतायत, गाळाचे ढीग लावतायत आणि कुरकुर करतायत. ऑक्सफर्डच्या संकेतस्थळावर भाषांतर फुकट आहे.

प्रणव: मग माणूस कधी येतो?

शिंदेसाहेब: संपानंतर. इगिगी एका रात्री आपली कुदळ-फावडी, टोपल्या जाळतात आणि थोरल्या देवांपैकी एन्लिलच्या वाड्याला घेराव घालतात. कल्कल नावाचा द्वारपाल घाईघाईने दार लावून घेतो. एन्लिल विचारतो, चिथावणी कोणाची? उत्तर येतं, आम्हा सगळ्यांची! पुढारी सापडतच नाही. शेवटी तोडगा निघतो: मातीत एका देवाचं रक्तमांस कालवून माणूस घडवायचा आणि टोपली त्याच्या डोक्यावर द्यायची.

बर्वेकाका: बघा! रक्तमांस मिसळलं म्हणजे जनुकंच झाली की! त्या काळी त्यांना दुसरा शब्द कुठून सुचणार?

शिंदेसाहेब: आणि त्या मातीवर सगळे देव थुंकतात, ते काय? दक्षिण इराकमध्ये ना दगड ना चांगलं लाकूड. घर मातीचं, लिहायची पाटी मातीची, एके काळी पिकं कापायचे विळेही भाजलेल्या मातीचे. ते लोक माणूस कशाचा घडवणार?

शिंदेसाहेब: गाळाचंही सांगतो. त्या नद्या भरमसाट गाळ आणतात, जमीन सपाट, कालव्याला उतार जेमतेम. उपसला नाही की कालवा बुजला, पीक गेलं. म्हणून राजे वेठीला माणसं धरत. ज्याने आयुष्यभर टोपलीने गाळ वाहिला तो विचारणारच, हे माझ्याच नशिबी का? त्याला दिलेलं उत्तर म्हणजे ही कथा. आता हे उत्तर राजाच्या किती सोयीचं होतं, ते तुम्हीच बघा. खाण घुसडली की कथेतला हा सगळा जीवच जातो.

नाईकमावशी: शिंदेसाहेब, छान सांगताय. पूर पण त्यातच येतो ना?

शिंदेसाहेब: त्यातच. माणसं वाढली, त्यांच्या गोंगाटाने एन्लिलची झोप उडाली. आधी रोगराई, मग दुष्काळ, शेवटी पूर.

प्रणव: सी विंगच्या गच्चीवरचा थर्टी फर्स्ट 😄

सेक्रेटरी: त्यावर नोटीस दिलेली आहे.

बर्वेकाका: बरं, मग ३६०० चा आकडा आला कुठून?

प्रणव: ते ६० च्या पटीत मोजायचे. ६० गुणिले ६० म्हणजे एक शार, ३६००. त्यांच्या राजावळीत, म्हणजे राजांच्या यादीत, एरिदू शहराचा पहिला राजा २८,८०० वर्षं राज्य करतो, म्हणजे बरोबर आठ शार. पुराआधीच्या आठ राजांची बेरीज २,४१,२००, तेही ६७ शार. गोल आकडे आहेत ते, ग्रहाची फेरी नाही. निबिरू हे नाव बॅबिलोनी ग्रंथांत बहुतेकदा गुरू ग्रहासाठी येतं. आणि ३६०० वर्षांच्या कक्षेतला ग्रह सूर्यापासून सरासरी पृथ्वीच्या २३५ पट लांब असणार. तिथल्या गारठ्यात कोण नांदणार?

बर्वेकाका: आणि बर्लिनच्या संग्रहालयातल्या त्या जुन्या मुद्रेवरची सूर्यमाला?

प्रणव: व्हीए २४३ हा त्या मुद्रेचा क्रमांक. मधे तारा, भोवती ११ ठिपके. शेजारी मजकूर आहे तो नावांचा, खगोलाचं त्यात अवाक्षर नाही. त्यांना दिसणारे ग्रह पाचच होते. युरेनस १७८१ साली दुर्बिणीतून सापडला.

नाईकमावशी: माझ्याकडे आलेल्या फोटोत पंखवाल्या देवाच्या हातात पर्स होती. ती कसली?

डॉ. मानसी, बी-५०४: पर्स नाही मावशी, पाण्याची बादलीवजा भांडी आहेत. दुसऱ्या हातात शंकूसारखी वस्तू असते, ती बुडवून शुद्धीचं पाणी शिंपडायचं. ते शिल्प बहुधा इराकमधल्या निमरूदच्या राजवाड्यातलं असेल, इ.स.पू. ९व्या शतकातलं. सुमेरियन नव्हे, असीरियन, हजारभर वर्षं नंतरचं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात असीरियन शिल्पपट आहेत, मुलांना घेऊन जा.

बर्वेकाका: डॉक्टर, तुम्हीच सांगा. वानरांना ४८ गुणसूत्रं, आपल्याला ४६. दोन गेली कुठे?

डॉ. मानसी: कुठेच गेली नाहीत. दोन जोड्या टोकाला टोक लागून एक झाली, तेच आपलं दुसरं गुणसूत्र. त्याच्या पोटात जुन्या टोकांच्या खुणा अजून आहेत. असे जोड इतर प्राण्यांतही आपोआप होतात. आणि मोरोक्कोत जेबेल इरहूदला मिळालेली आपल्या जातीची हाडं सुमारे ३ लाख वर्षांपूर्वीची आहेत, त्यांची ठेवण हळूहळू बदलत आलेली दिसते. एका रात्रीत घडवलेला माणूस असा दिसला नसता.

बर्वेकाका: ठीक आहे, सोनं सोडा. पण पेरू देशातल्या जमिनीवरच्या त्या प्रचंड नाझ्का रेषा? त्या तर वरूनच दिसतात!

शिंदेसाहेब: शेजारच्या टेकडीवरूनही दिसतात, बर्वे.

सेक्रेटरी: पेरूचं संध्याकाळी कट्ट्यावर बोला. ग्रुप ११ पर्यंत फक्त अ‍ॅडमिनसाठी करतोय, मीटर रीडिंग टाकायचं आहे.