शब्दचर्चा: गुप्तता, गोपनीयता आणि वाच्यता

प्रश्न
कोथरूडमधल्या एका मानसोपचार केंद्राचं संमतिपत्र मराठीत करतेय. 'कॉन्फिडेन्शिअ‍ॅलिटी'ला आधी 'गुप्तता' लिहिलं, मग खोडून 'गोपनीयता' केलं. तिथल्या मॅडमना दोन्ही सरकारी वाटतात. त्या म्हणतात, सरळ लिही, 'तुम्ही सांगितलेलं कुणालाही सांगितलं जाणार नाही.' जाणकारांनी मत द्यावं.

प्रतिसाद १
धातू एकच, गुप्, म्हणजे राखणे. पण वापरात फरक पडलाय. मतदान गुप्त असतं, कारण कुणी कुणाला मत दिलं हे कुणालाच कळता कामा नये. कर्मचाऱ्याचा अहवाल मात्र गोपनीय. तो साहेब वाचतात, साहेबांचे साहेबही वाचतात, फक्त शेजारच्या टेबलाला दिसू नये एवढंच. मंत्रीही शपथ घेतात ती गोपनीयतेची. तुम्हाला यातलं कुठलं अभिप्रेत आहे ते ठरवा, शब्द आपोआप ठरेल.

प्रतिसाद २
मी याच व्यवसायात आहे, सदाशिव पेठेत बसते. मॅडमचं वाक्य कानाला गोड आहे, पण खरं नाही, आणि संमतिपत्रात तेच चालत नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 च्या कलम 23 मध्ये गोपनीयतेचा हक्क दिलाय आणि तिथेच अपवादही दिलेत: कुणाच्या जिवाला धोका असेल, उपचार करणाऱ्या दुसऱ्या तज्ज्ञाला माहिती लागणार असेल, न्यायालयाचा आदेश आला तर. तेव्हाही धोका टाळायला लागेल तेवढंच सांगायचं, अख्खी फाइल उघडायची नाही. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर 2012 च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवावंच लागतं. न कळवणं हाच गुन्हा. वकिलाला अशिलाचं बोलणं पोटात ठेवायला साक्षीच्या कायद्याचं कवच आहे, आम्हाला तसं नाही. म्हणून 'गुप्तता' नको, 'गोपनीयता'च.

आपल्याकडे 'षट्कर्णी होणे' म्हणतात. चार कानांत राहतं ते टिकतं, सहाव्या कानाला गेलं की फुटतं. पण आमच्या कामात सहा कान अधूनमधून लागतातच. अवघड केस असेल तर मी ज्येष्ठ सहकाऱ्याचा सल्ला घेते. नाव, गाव, नोकरी गाळून बोलते, आणि असं बोलणार हे क्लायंटला पहिल्याच भेटीत सांगून ठेवते.

माझ्या पत्रात वाक्य असं आहे: 'खालील अपवाद सोडून तुमच्या बोलण्याची कुठेही वाच्यता केली जाणार नाही.' वाच्यता न करणे हे रोजच्या मराठीतलं आहे आणि त्यात वागणंही येतं. बालगंधर्वला मध्यंतरात चहाच्या रांगेत क्लायंट पुढे उभा असला तरी मी आपणहून ओळख दाखवत नाही. त्याने 'काय मॅडम' म्हटलं तर 'काय, कसं वाटतंय नाटक?' एवढंच. सोबतच्या बायकोने 'या कोण?' विचारलं, तर उत्तर त्याने द्यायचं.

प्रतिसाद ३
आणि डेटाचं काय? माणसं तोंड मिटून असतात हो, फोन बोलतात. व्हॉट्सअ‍ॅपवर 'उद्या ५ वाजता थेरपी सेशन' असा मेसेज घरच्या टेबलावर पडलेल्या फोनवर झळकला की झाली वाच्यता.

प्रतिसाद २ (पुन्हा)
अगदी. माझा मेसेज 'उद्या ५ वाजता भेटू' एवढाच असतो. पावतीवर 'सल्ला शुल्क'. नाव-पत्ता एका ठिकाणी, टिपणं दुसऱ्या ठिकाणी, आणि टिपणांवर फक्त क्रमांक. रिसेप्शनवरच्या ताईंना वेळ आणि नाव कळतं, टिपणं दिसत नाहीत. आई-वडिलांचे फोन ही पुण्यातली खास अडचण: 'अहो, फी आम्ही भरतो, निदान मुलगी येते का एवढं तरी सांगा!' मुलगी चोवीस वर्षांची. तिला विचारल्याशिवाय 'येते' हेसुद्धा सांगायचं नाही. बोलणं सोडाच, येणंही गोपनीयच. हे ओळ करून पत्रात घाला, कारण पालकही ते पत्र वाचतात.

जाता जाता: 'टिपणं' आणि 'नोंदी' हे शब्द वेगळे ठेवा. 2017 च्याच कायद्याने उपचार घेणाऱ्याला आपल्या मूलभूत वैद्यकीय नोंदी मागता येतात. मी स्वतःसाठी खरडलेलं टिपण म्हणजे नोंद नव्हे.

प्रश्नकर्ती
'वाच्यता' पक्कं. 'येणंही गोपनीय'ची ओळ घेतेय. आता शेवटचं: क्लायंटला काय म्हणू? 'अशील' कोर्टातलं, 'ग्राहक' दुकानातलं, 'रुग्ण' म्हटलं की निम्मे लोक जिन्यातूनच परत जातील.

प्रतिसाद १
संमतिपत्र त्यांनाच वाचायचंय ना? 'तुम्ही' म्हणा.