मदत हवी आहे: ताईंचं मन न दुखवता त्यांच्या भेटवस्तू कशा थांबवाव्यात?

आजारी आईची देखभाल करणाऱ्या ताई स्वतःची ओढाताण असूनही आमच्यासाठी सतत काहीबाही आणतात. परवा तर आईसाठी नवी शाल! नको म्हटलं की चेहरा उतरतो. वस्तूचे पैसे देऊ केले, तर त्यांना फार लागलं. उलट भेट दिली, की पुढच्या वेळी त्याहून मोठी वस्तू येते, म्हणजे खर्च त्यांचाच वाढतो. पगार वेळेवर देतो, वाढवलाही आहे. त्यांच्या मुलांच्या फीचं विचारलं, तर ठाम नकार. देण्यातला त्यांचा आनंद मला हिरावून घ्यायचा नाही, तो फार मोलाचा आहे. पण त्यासाठी त्यांच्या घरखर्चाला कात्री लागायला नको. असा अनुभव कुणाला आहे का? परतफेड वाटणार नाही आणि त्यांचा मानही राहील, असं नेमकं काय करता येईल?