कुंभाराच्या चाकावर बसलं की "हे आपलं काम नाही" वाटतं? अनुभव लिहा

रानजाई:
धारावीत कुंभारवाड्यातल्या भट्टीचा धूर दिसला आणि नवशिक्यांचे चेहरे आठवले. दोन भांडी बिघडली की "हातात कलाच नाही" म्हणत चांगली माणसं चाक सोडतात, जीव तुटतो. बिघाडाला बहुतेकदा साधं कारण असतं. तुम्हाला माहीत असलेली कारणं लिहा.

चाकवेडा:
गोळा मध्यावर येत नाही, ही पहिली रड. अर्धा किलोच माती घ्या. कोपर मांडीला घट्ट टेकवा, जोर अंगाचा हवा. गोळा मध्यावर आणताना चाक वेगात, भिंत उचलताना हळू. माती नीट मळली नसेल तर मुरलेल्या हातातही गोळा डुगडुगतो.

मोगरा_दादर:
बुडाला एस आकाराचा तडा = तळ दाबला नाही. कडेकडून मध्याकडे दोन-तीनदा दाबा, आत साचलेलं पाणी स्पंजाने टिपा. कुकरच्या शिट्ट्या होतायत, नंतर येते.

विक्रोळीकर:
भट्टीत भांडं फुटलं की हवेच्या बुडबुड्यावर खापर. बहुतेकदा कारण ओल! १०० अंशाला पाण्याची वाफ होते, जाड बूड उडतं. आपल्या पावसाळ्यात वरून कोरडं दिसलं तरी आत ओल असतेच. गालाला लावा, गार लागलं तर थांबा. भट्टी १०० च्या खाली काही तास धरा, मग चढवा. ५७३ अंशाला मातीतलं क्वार्ट्झ (गारगोटीचं खनिज) एकदम फुगतं, तिथे चढताना-उतरताना सावकाश.

मोगरा_दादर:
आले. पंख्याखाली कपाचे कान निघतात हो.

विक्रोळीकर:
पंखा नकोच ताई. कान आधी वाळून आकसतो, कप मागे राहतो. दोन्ही लेदर-हार्ड (अर्धवट वाळून चामड्यासारखे घट्ट) असतानाच ओरखडे काढा, स्लिप (पाण्यात कालवलेली पातळ माती) लावून जोडा, रात्रभर प्लास्टिकखाली.

निळीशाई:
ग्लेझ (काचेसारखा चकाकणारा लेप) आकसून माती उघडी पडली तर बिस्कवर (एकदा भाजलेल्या भांड्यावर) धूळ किंवा हाताचं तेल होतं. ओल्या स्पंजाने पुसा, वाळवा, मग ग्लेझमध्ये बुडवा. बुडाखालचं ग्लेझ पुसाच, नाहीतर भट्टीतल्या शेल्फला चिकटतं.

लोकलवाली:
विषय सोडून विचारते, कच्ची भांडी हार्बर लोकलने न्यायची कशी?

चाकवेडा:
कच्ची नेऊच नका. बिस्क करून, वर्तमानपत्रात गुंडाळून, दुपारच्या गाडीने.

कोरीमाती:
माझे कप नेहमी लहानच होतात, नजर कच्ची म्हणायची का?

रानजाई:
नाही गं. स्टोनवेअर (जास्त तापमानाला भाजायची घट्ट माती) भाजून साधारण १२ टक्के आकसतं. १० सेंमी हवा तर ११.४ चा घडव. आपल्या मातीची १० सेंमीची पट्टी भाजून मोज, प्रत्येक मातीचा आकडा वेगळा.