आबाजीच्या नावचं बिल अन् छतावरचं सोलर

मोठे बाबा: दारव्ह्याहून एक पोरगा येऊन गेला. म्हने सोलर लावा, सरकार पैसे देते, वरून इन्कम टॅक्समधून 30 टक्के वापस भेटते. बुकिंगचे 20 हजार आजच मागून रायला. देऊ का?

ताई: मोठे बाबा, एक रुपयाही देऊ नका सध्या. ते 30 टक्के अमेरिकेतले. तिथं सोलरच्या खर्चाचा तेवढा भाग आयकरातून वजा व्हायचा, तेही 2025 सोबत संपलं. आपल्याकडं घरच्या सोलरवर आयकरात सूट नाही. सबसिडी आहे.

काकाजी: कितीक?

ताई: पीएम सूर्यघर योजनेत 1 किलोवॉटले 30 हजार, 2 ले 60, अन् 3 किंवा त्याच्या वर कितीही लावा, 78 हजारच. पॅनल भारतात बनलेले लागतात, कोटेशनवर डीसीआर, म्हणजे भारतातलंच पॅनल, असं लिहिलेलं पाहा. कंपनी योजनेच्या पोर्टलवरच्या यादीतली पाहिजे. पैसे सगळं बसून, महावितरणचं नेट मीटर, म्हणजे लाइनमधून घेतलेले अन् आपण लाइनले दिलेले युनिट दोन्ही मोजणारं, लागल्यावर आपल्या खात्यात येतात. तोवर खर्च आपल्यालेच करा लागते. बँका यासाठी गहाण न ठेवता कर्ज देतात.

वहिनी: लाइन गेल्यावर चालते का पन? पावसाळ्यात रात रात अंधारात काढतो आम्ही.

दादा: नाही वहिनी. साधं ऑनग्रिड, म्हणजे बॅटरी नसलेलं, लाइनले जोडलेलं असलं तर लाइन गेली का तेही बंद. खांबावर चढलेल्या लाइनमनले आपल्या छतावरचा करंट लागू नये म्हणून इन्व्हर्टर आपोआप थांबते. अन् रात्री तर पॅनल काहीच देत नाही. त्याले बॅटरीच पाहिजे, अन् बॅटरीची वेगळी सबसिडी नाही. हे विकनारा सांगत नाही, म्हणून मले राग येते.

मोठे बाबा: तो 3 किलोवॉटच घ्या म्हने.

ताई: कायले? तुमचं बिल महिन्याले शंभरेक युनिटचं, उन्हाळ्यात दोन कूलर लागले तरच वाढते. 1 किलोवॉट महिन्याले साधारण 120 युनिट देते. अन् एक गोष्ट नीट आयका. जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात, पण हिशोब 31 मार्चले मिटते. उरलेल्याचे महावितरण ठरल्या दरानं पैसे देते, युनिट पुढं नेत नाही. म्हणजे हिवाळ्यात वाचवलेलं मे महिन्याच्या कूलरले कामी येत नाही. 78 हजाराच्या नादात मोठं नका घेऊ.

दादा: अन् लिंबाची सावली पाहा. दुपारून अर्धं छत झाकते ते.

काकाजी: झाडाले हात लावाचा नाही. पूर्वेकडून जागा हाय. पन बिल तर अजून आबाजीच्याच नावानं येते ना?

ताई: मंग आधी तेच काम. अर्जदाराचं अन् बिलावरचं नाव एकच पाहिजे, नाहीतर सबसिडी अडकते. मोठे बाबांच्या नावावर करून घेऊ. आबाजीच्या मृत्यूचा दाखला, नमुना 8 म्हणजे ग्रामपंचायतीचा घराचा उतारा, अन् बाकी वारसांची ना हरकत काढून ठेवा.

आत्या: माही सही लागत असन तर रविवारी येतो. घर सगळ्याइचं, पन राहते मोठा भाऊ, त्याच्याच नावानं होऊ द्या.

मोठे बाबा: ये. नमुना 8 साठी घरटॅक्सची थकबाकी भराव लागन पहिले. उद्या ग्रामपंचायतीत जातो. त्या पोराले नाही म्हनून सांगतलं.

वहिनी: आत्याबाई, येतानी आबाजीचं जुनं आधार कार्ड आना, तुमच्याचकडं हाय.