सिमा च्यानने ली ग्वांगची वकिली केली का?

करवंद: परवा इथेच एकाने प्राचीन चिनी इतिहासकार सिमा च्यानच्या 'शीजी' या ग्रंथाबद्दल लिहिलं, "शीजी हा इतिहास नाही, ली घराण्याची वकिली आहे. हरणाऱ्या ली ग्वांगला नायक केलं आणि श्योंगनूंना वाळवंटापार रेटणाऱ्या हुओ छुबिंगला खलनायक." (ली ग्वांग आणि हुओ हे हान साम्राज्याचे सेनापती, श्योंगनू हे उत्तरेकडचे भटके शत्रू.) वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

ली ग्वांगचं प्रकरण पूर्ण वाचा. रात्री हटकणाऱ्या बालिंगच्या अधिकाऱ्याला त्याने पुढे डूख धरून मारलं, हे त्यात आहे. शरण आलेल्या 800 हून अधिक छ्यांग टोळीवाल्यांना दगा देऊन एका दिवसात कापलं, हेही त्याच्याच तोंडून वदवलंय. कुठला वकील असले पुरावे स्वतःहून कोर्टात देतो? उलट हुओच्या इ.स.पू. 119 च्या मोहिमेत मारलेल्या-पकडलेल्या शत्रूंचा 70,443 हा आकडा जसाच्या तसा नोंदवलाय.

पाणवठा: ती पोस्ट माझीच. तपशील दिले, मान्य. पण जीव कुठे ओतलाय? ली ग्वांगला स्वतंत्र प्रकरण, शेवटी 'पीच आणि आलुबुखार बोलत नाहीत, तरी त्यांच्याखाली पायवाट पडते' ही म्हण. सेनापती वेई छिंग आणि हुओ, मामा-भाचे एकाच प्रकरणात, तेही बरंचसं दरबारी फर्मानांनी भरलेलं. इ.स.पू. 99 मध्ये ली ग्वांगचा नातू ली लिंग 5,000 पायदळासह अडकला आणि शत्रूला शरण गेला. त्याची बाजू घेतली म्हणून सिमा च्यानचं खच्चीकरण झालं. शिक्षा देणाऱ्या सम्राट वूच्या लाडक्या सेनापतींवर हा माणूस निर्मळ मनाने लिहील?

निवृत्त_हवालदार: पुस्तकी वाद बाजूला ठेवा. मी वाळवंटात नोकरी केलीय. ली ग्वांगचे लोक तहानलेले असताना पाणी सापडलं, तर सगळे पिईपर्यंत तो पाण्याजवळ जात नसे. आमचे एक साहेब असेच होते, टँकर आला की शेवटच्या जवानाची बाटली भरेपर्यंत थांबायचे. त्यांच्यासाठी आम्ही कुठेही गेलो असतो. आणि हुओ? सम्राटाने पाठवलेलं धान्य-मांस परतताना टाकून दिलं, जवान उपाशी, आणि हा चेंडू लाथाडत होता.

पाणवठा: शेवटी पाणी पिऊन लढाई जिंकत नाहीत. इ.स.पू. 129 मध्ये ली ग्वांग जिवंत पकडला गेला, फौज गमावली. निसटून परत आला, देहदंड ठरला, तो पैसे भरून सुटला. त्या जवानांच्या घरी काय सांगायचं, साहेब प्रेमळ होते? माझे वडील फौजेत होते. त्यांचे साहेब शिव्या घालायचे, रात्री पहारे तपासायचे, पण माणसं घरी परत आणायचे. मला तोच सेनापती हवा.

निवृत्त_हवालदार: तुमच्या वडिलांबद्दल आदर आहे. पण उपाशी जवानाने कशाच्या जोरावर लढायचं, हे खुर्चीत बसून शिकवू नका.

पाणवठा: खुर्ची काढू नका. वडिलांच्या पेन्शनवर वाढलोय मी.

सायली_वाचते: दोघंही थांबा. तुमचा कडक साहेब ली ग्वांगच्याच प्रकरणात आहे, सेनापती छंग बूशी. शिस्तीची छावणी, रात्रभर पहारा, पहाटेपर्यंत हिशेब. ली ग्वांगकडे ना रचना, ना पहाऱ्याचे ठोके. जवानांना ली ग्वांग आवडायचा, छंगच्या हाताखाली ते वैतागायचे, हे लिहिलंय. आणि अचानक हल्ला झाला तर ली ग्वांगची फौज तो रोखू शकणार नाही, हे छंगचं म्हणणंही लिहिलंय. तुमचं अख्खं भांडण सिमा च्यानने आधीच मांडून ठेवलंय!

करवंद: धन्यवाद. आणि 'घराण्याची वकिली' म्हणणाऱ्यांनी सिमा च्यानने आपल्या ओळखीच्या रेन आनला लिहिलेलं पत्र वाचावं. ली लिंगबरोबर कधी पेलाभर दारूही प्यालो नाही, असं तो स्वतः सांगतो. शिवाय ली गान आठवा, ली ग्वांगचा मुलगा. बापाच्या मृत्यूच्या रागात त्याने वेई छिंगवर हात उचलला, म्हणून हुओने शिकारीत त्याला बाण घालून मारलं. हरणाच्या शिंगाने मेला, असं सम्राटाने पसरवलं. त्याच सम्राटाच्या राज्यात राहून सिमा च्यानने खून झाला म्हणून लिहिलं.

पाणवठा: ली गानचं ठीक, ते धाडस होतं. पण 119 ची मोहीम घ्या. ली ग्वांग म्हातारा आणि कमनशिबी आहे, त्याला शान्यूसमोर (श्योंगनूंच्या राजासमोर) जाऊ देऊ नकोस, असं सम्राटाने वेई छिंगला गुपचूप बजावलं म्हणे. म्हणून लांबच्या, पाणी-गवत कमी असलेल्या वाटेने त्याला धाडलं, वाटाड्याविना तो भरकटला आणि साठी ओलांडलेल्या त्या माणसाने स्वतःचा गळा चिरला. सगळा दोष दुसऱ्यांवर जातो तो या एका गुप्त आज्ञेमुळे. ती सिमा च्यानला सांगितली कोणी? वेई छिंगने? सम्राटाने? एवढंच सांगा, मी माझी पोस्ट मागे घेतो.